फरशीखालची नळी आणि बिल्डरची जबाबदारी

माझा भाचा कॅनडातील एडमंटनला असतो. गेल्या हिवाळ्यात त्याच्या नव्या घराच्या गॅरेजमध्ये फरशीखालून फिरणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्या गोठल्या, आणि तो खर्च कोणी सोसायचा यावरून त्याचे बिल्डरशी वाजले. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो त्या जळगावात बसून मी त्याला काय सल्ला देणार, असे कोणालाही वाटेल. पण बांधकाम खात्यात उमेदीची वर्षे गेल्यामुळे एवढे नक्की सांगू शकतो की जमीन मायनस तीसची असो वा आमच्या खानदेशातली, फरशीखाली गाडलेल्या कामाचे भांडण शेवटी एकाच मुद्द्यावर येऊन थांबते : काम झाकण्यापूर्वी ते कोणी तपासले आणि त्याचा कागद कुठे आहे?

तिकडच्या पद्धतीत काँक्रीट ओतण्याआधी पेक्स नावाच्या लवचिक प्लास्टिकच्या नळ्या वेटोळी घालून अंथरतात आणि बॉयलरचे कोमट पाणी त्यांतून फिरवतात. घराचा ताबा देण्यापूर्वी ऐन थंडीत बॉयलर बंद राहिला आणि नळ्यांत साधे पाणी तसेच राहिले, तर ते गोठते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. पेक्स थोडी ताणली जाते, पण काँक्रीटने चारही बाजूंनी जखडलेल्या नळीला फुगायला जागा नसते आणि पितळी जोड तर ताणलेच जात नाहीत. म्हणून जाणकार ठेकेदार थंडीत नळ्यांची चाचणी पाण्याऐवजी हवेच्या दाबाने घेतात, किंवा पाण्यात ग्लायकॉल हे गोठू न देणारे द्रव्य मिसळतात.

भाच्याच्या बिल्डरचे पहिले उत्तर ठरलेले होते : "तुम्ही थर्मोस्टॅट खाली ठेवला असेल." म्हणजे घराचे तापमान तुम्हीच फार कमी ठेवले. तिकडे अल्बर्टा प्रांतात २०१४ पासून नव्या घरांना हमी सक्तीची आहे. साहित्य आणि कारागिरीसाठी १ वर्ष, नळ, वीज व हीटिंग यंत्रणेसाठी २ वर्षे, बाह्य आवरणासाठी ५ आणि मूळ सांगाड्यासाठी १० वर्षे, अशी तिची उतरंड आहे. मात्र मालकाच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसान अशा हमीत बसत नाही, आणि बिल्डर नेमकी तीच फट शोधत होता. मी भाच्याला सांगितले, "थर्मोस्टॅटवर वाद घालू नकोस. काँक्रीट ओतण्यापूर्वीच्या दाबचाचणीची नोंद लेखी माग, आणि ताब्याआधी बॉयलर कोणत्या तारखेला सुरू झाला तेही विचार." यावर तो म्हणाला, "मामा, आईच्या फ्लॅटचं पण असंच चाललंय ना?"

चालले होते खरे. ताईच्या फ्लॅटमध्ये स्नानघराबाहेरच्या टाइल्सच्या सांध्यांतून पांढरा क्षार वर आला होता, नाण्याने ठोकले की तिथली लादी बद्द वाजायची आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचे पीओपी फुगले होते. इथल्या बिल्डरचे म्हणणे असे, की सोलरचे पाणी तुम्ही फार कडक वापरता. तिकडे पाणी कमी तापले म्हणून दोष घरमालकाचा, इकडे जास्त तापले म्हणूनही त्याचाच! वास्तविक सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यासाठीच्या प्लास्टिकची नळी सुमारे ९३ अंशांपर्यंतचे पाणी सोसते. फरशी उकरल्यावर नळी सीपीव्हीसीचीच निघाली, पण कोपऱ्यातला एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, साध्या पीव्हीसीच्या सोल्यूशनने चिकटवलेला होता आणि भोवती सिमेंटचा मसाला गच्च भरलेला. तीन मीटर लांबीची अशी नळी ४० अंशांनी तापली की जवळजवळ ८ मिलिमीटर लांबते, आणि तिला सरकायला जागाच दिली नाही तर सगळा ताण त्या एल्बोवर येतो. ज्या जळगावचे पाइप देशभर जातात, तिथेच हे व्हावे याचे मला अधिक वाईट वाटले.

आपल्याकडे रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायदा, २०१६ मधील कलम १४(३) या बाबतीत बरेच स्पष्ट आहे. ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील, कारागिरीतील, दर्जातील किंवा सेवासुविधांतील दोष निदर्शनास आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामोबदला दूर करायचा असतो, आणि तसे न केल्यास ग्राहक भरपाईस पात्र ठरतो. 'ताबा घेताना पाहून घ्यायचे होते' या युक्तिवादात म्हणूनच फारसा दम नाही, कारण फरशीखालचे कोणाला दिसते? पण फोनवरच्या तक्रारीला पुरावा नसतो. प्लंबर येऊन सांध्यांत पांढरे सिमेंट भरून जातो आणि वर्ष सरते. आम्ही उकरलेल्या जागेचे, एल्बोचे आणि खालच्या छताचे तारखेसह फोटो जोडून रजिस्टर्ड पोस्टाने पत्र धाडले, दाबचाचणीचा अहवाल मागितला आणि तो तुटका एल्बो पिशवीत घालून जपून ठेवला. अहवाल आला नाही; बिल्डरचा माणूस मात्र आला.

नळी आता बदलून झाली आहे आणि ती बुजवण्यापूर्वी पंपाने दाब देऊन काटा उतरत नाही ना, हे मी स्वतः उभा राहून पाहिले. भाच्याचे प्रकरण हमी कंपनीकडे आहे. ताईच्या टाइल्सचा तो शेड बाजारात मिळेनासा झाला आहे. बिल्डर उकरलेल्या चार लाद्यांपुरतेच पैसे देऊ करतो, आणि आमचा आग्रह संपूर्ण खोलीच्या फरशीचा आहे.