उन्हाळ्यात तापणारे रेडिएटर

इंग्लंडमधील आमच्या घरातील हीटिंगची व्यवस्था जुन्या धाटणीची आहे. स्वयंपाकघरात गॅसचा बॉयलर, वरच्या मजल्यावरील कपाटात गरम पाण्याची तांब्याची टाकी आणि पोटमाळ्यावर यंत्रणेत पाणी भरत राहणारी लहान टाकी, असा हा संसार आहे. बॉयलरमध्ये तापलेले पाणी पंपाच्या जोराने फिरते. ते तांब्याच्या टाकीतील वेटोळ्यातून गेले की अंघोळीचे पाणी तापते, आणि रेडिएटरमधून गेले की खोल्या उबदार होतात. उन्हाळ्यात प्रोग्रामरवर, म्हणजे वेळा ठरवणाऱ्या यंत्रावर, हीटिंग बंद ठेवून फक्त पाण्याची वेळ लावलेली असते. या जूनमध्ये मात्र सकाळी पाणी तापू लागले की जिन्याजवळचा रेडिएटर आणि न्हाणीघरातील टॉवेल वाळवण्याच्या नळ्या हात लावता येणार नाही इतक्या तापू लागल्या.

पाहायला आलेल्या पहिल्या प्लंबरने खोलीतील थर्मोस्टॅट आणि प्रोग्रामर दोन्ही बदलून टाकू, असे सुचवले. दोन्ही वस्तू स्वस्त नाहीत, आणि त्यांतील एकही त्याने तपासलेली नव्हती. त्यामुळे काही विकत घेण्याआधी उष्णता रेडिएटरपर्यंत नेमकी कोणत्या वाटेने पोहोचते, हे पाहायचे मी ठरवले.

आमची जोडणी ‘वाय-प्लॅन’ म्हणून ओळखली जाते. तिच्यात टाकीशेजारी तीन तोंडांचा एकच व्हॉल्व्ह असतो. पाटाचे दार फिरवून पाणी या वाफ्याला द्यायचे की त्या वाफ्याला, हे जसे ठरवतात, तसेच त्याचे काम असते. बॉयलरकडून पाणी ‘एबी’ तोंडाने आत येते. ‘ए’ तोंडाने ते रेडिएटरकडे जाते आणि ‘बी’ तोंडाने टाकीकडे. वीज नसताना आतील स्प्रिंग ‘ए’ बंद ठेवते. हीटिंगची मागणी आली की पांढऱ्या तारेतून वीज येते आणि मोटर व्हॉल्व्हला मधल्या जागेवर आणते, म्हणजे पाणी दोन्हीकडे वाहते. टाकी पुरेशी तापली किंवा पाण्याची वेळ बंद असली, तर करड्या तारेतही वीज येते आणि व्हॉल्व्ह पूर्णपणे रेडिएटरकडे वळतो. हे एकदा ध्यानात आले की निम्मे निदान झालेच.

दोनच ठिकाणे तापत असल्यामुळे सुरुवातीला परतीच्या नळीतून पाणी उलटे शिरत असावे, अशी शंका येत होती. टाकीची परतीची नळी बॉयलरकडे जाताना सर्वांत शेवटी जोडलेली नसेल, तर असे खरोखर घडते, आणि मग रेडिएटर परतीच्या टोकाकडून तापू लागतो. आमच्याकडे तो पुरवठ्याच्या टोकाकडून तापत होता. मग बाकीचे रेडिएटर थंड का? तर त्यांच्यावर तापमानानुसार मिटणाऱ्या तोट्या आहेत. त्या ‘३’ या आकड्यावर ठेवल्या, तर खोली साधारण २० अंशांना पोहोचली की त्या मिटतात, आणि जूनमध्ये खोल्या त्याहून गरमच होत्या. सगळ्या तोट्या पूर्ण उघडून पाणी तापवल्यावर घरातील एकूण एक रेडिएटर तापला. तपासणीपूर्वी या तोट्या उघडायला कोणीच सांगत नाही, याचे मला नवल वाटते. टॉवेलच्या नळ्यांचा प्रश्नही त्याच सकाळी निकालात निघाला. त्या मुद्दामच टाकीच्या बाजूच्या नळीवर जोडलेल्या आहेत, जेणेकरून उन्हाळ्यातही टॉवेल वाळावेत. इथल्या अनेक घरांत अशी सोय असते. म्हणजे त्यांच्यात बिघाड नव्हताच.

आता दोष विजेचा की यांत्रिक, एवढेच उरले होते. थर्मोस्टॅट किंवा प्रोग्रामरमधील संपर्क चिकटला असेल, तर पांढऱ्या तारेत विनाकारण वीज राहते. पण तसे असेल, तर वीज तोडताच स्प्रिंगने व्हॉल्व्ह मागे यायला हवा. पाणी तापत असताना मी हीटिंगचा ३ अँपिअर फ्यूज असलेला स्विच बंद केला, थोडी थांबले आणि व्हॉल्व्हच्या बाजूची लहान दांडी हलवून पाहिली. व्हॉल्व्ह जागेवर परतलेला असेल, तर ही दांडी स्प्रिंगच्या ताणाविरुद्ध ओढावी लागते. आमची दांडी सैल होती, काहीही विरोध न करता इकडून तिकडे सरकत होती. थर्मोस्टॅट आणि प्रोग्रामर दोघेही यातून निर्दोष सुटले.

आमच्या व्हॉल्व्हचा वरचा मोटरचा भाग दोन स्क्रू काढून, यंत्रणेतील पाणी न काढता वेगळा करता येतो. तो सुटताच खटकन मूळ जागी फिरला, म्हणजे स्प्रिंग शाबूत होती. खाली उघडा पडलेला पितळी दांडा बोटांनी सहज फिरायला हवा होता, पण तो पक्कड लावल्यावर कसाबसा हलला आणि पुन्हा अडकला. वसंतात हीटिंग आणि पाणी दोन्ही सुरू असताना तो मधल्या जागेवर आला आणि तिथेच रुतला, हे उघड होते. म्हणूनच अंघोळीचे पाणी नेहमीप्रमाणे तापत राहिले आणि बिघाड उन्हाळा लागेपर्यंत जाणवलाच नाही.

इथून पुढचे काम मी नोंदणीकृत अभियंत्याकडे सोपवले. इथे गॅसच्या कामाला ‘गॅस सेफ’ची नोंदणी कायद्याने आवश्यक असते. व्हॉल्व्ह बदलणे हे गॅसचे काम नव्हे, पण पाणी काढून २२ मिलिमीटरच्या जोडण्या उघडायच्या म्हणजे हात सराईत हवा. त्याने पोटमाळ्यावरील टाकीची तरंगती तोटी बांधून ठेवली, खालच्या मजल्यावरून रबरी नळीने पाणी बाहेर सोडले आणि वरच्या रेडिएटरच्या हवेच्या चाव्या उघडल्या. पाणी शाईसारखे काळे निघाले. जुन्या व्हॉल्व्हमधील रबरी अडसराभोवती काळ्या गाळाचा थर बसला होता, आणि फ्रीजवरचे चुंबक जवळ नेताच तो गाळ त्याला चिकटला. रेडिएटरच्या आतील लोखंड गंजून तयार होणारा हा मॅग्नेटाइट.

नवा व्हॉल्व्ह बसवल्यावर त्याने यंत्रणा स्वच्छ पाण्याने धुतली, गंजरोधक रसायन घातले, पाणी भरून हवा काढली आणि फक्त पाणी, फक्त हीटिंग आणि दोन्ही एकत्र असे तिन्ही प्रकार चालवून दाखवले. फक्त पाणी तापत असताना व्हॉल्व्हपासून रेडिएटरकडे जाणारी नळी जेमतेम वीतभर कोमट झाली आणि त्यापुढे थंडच राहिली.