माझा मामा झाला त्याची गोष्ट

माझी भाची बँकेच्या परीक्षेची तयारी करते आहे. तिच्या वहीत रोज वीस इंग्रजी शब्द भरतात आणि त्यातले दोन-तीन माझ्या अंगावर येतात. परवा तिनं विचारलं, "मामा, हुडविंक म्हणजे काय?"

ठोकून द्यायची सवय. हुड म्हणजे टोपीसारखं काहीतरी, विंक म्हणजे डोळा मारणे. "टोपी घालून डोळा मारणे," मी सांगितलं. "म्हणजे छेडछाड." ती खुर्चीतून पडायचीच बाकी होती. अर्थ निघाला फसवणे.

पण माझं उत्तर अगदीच वाया गेलं नव्हतं. विंक म्हणजे एक डोळा मिचकावणं हे आताचं. पूर्वी विंक म्हणजे नुसतं डोळे मिटणं. दुपारच्या डुलकीला इंग्रजीत 'फॉर्टी विंक्स' म्हणतात, त्यात तो जुना अर्थ अजून घोरत पडला आहे. सोळाव्या शतकात हुडविंक म्हणजे खरोखरच कुणाचे तरी डोळे झाकणं, कापडानं किंवा टोपीनं. आपल्या आंधळ्या कोशिंबिरीला तिकडे हुडमन-ब्लाइंड म्हणत. ज्याच्यावर राज्य, त्याची टोपी तोंडावर ओढायची की झालं. शिकारी ससाण्यालाही अशीच चामड्याची टोपी चढवतात. दिसायचं बंद झालं की एवढा तापट पक्षी मुठीवर गपगार बसतो. फसवण्याचा अर्थ या झाकलेल्या डोळ्यांवरून मागाहून आला.

आणि इकडे आपण काय म्हणतो? 'त्यानं मला टोपी घातली!' ना त्यांनी आपलं उचललं, ना आपण त्यांचं. डोक्यावरून माणूस ताब्यात घ्यायचा, हे दोन्हीकडच्या लबाडांना आपापलं सुचलेलं दिसतं. आपल्याकडे तर डोक्यासाठी शेंडीही आहे, ती लावतात. शिवाय चुना लावतात, तोंडाला पानं पुसतात, गंडा घालतात. इंग्रजीला आपण 'ठग' दिला, तर तिकडे जाऊन तो नुसता गुंड झाला, त्याची कला गेली. त्या ठगाचं मूळ संस्कृतातल्या झाकणे, लपवणे या अर्थाच्या धातूत आहे म्हणतात. म्हणजे फिरून टोपीच.

हे सगळं भाचीला ऐकवावं म्हणून मी रंगात आलो होतो, तर ती म्हणाली, "ते राहू दे. वाक्यात उपयोग कर. 'इनटू' घालून. हुडविंक्ड इनटू बाइंग, असं."

माझ्याकडे वाक्य तयार होतं. स्वयंपाकघरात पेंढ्यात पडलेलं होतं.

आदल्या रविवारी सोसायटीच्या फाटकाशी एक टेम्पो उभा होता. पेट्यांवर 'देवगड हापूस' छापलेलं. मी काही अगदीच भोळा नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांबाहेरच्या आंब्याला हापूस म्हणून विकता येत नाही, तसं भौगोलिक मानांकन 2018 साली मिळालं, हे मला पाठ आहे. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत शिरतो हेही माहीत आहे. मी पेटी उघडायला लावली, वरच्या थरातला आंबा देठाशी हुंगला, खास होता. तरी म्हटलं, कुठला? तर तो माणूस हसून म्हणाला, "घरचो आंबो साहेबानु, जामसंड्याचो. काल काढलेलो."

संपलं. माझं आजोळ कणकवलीचं. पुण्याच्या रस्त्यावर कुणी 'साहेबानु' म्हणालं की माझे डोळे आपोआप मिटतात. खालचे थर बघायचे राहिले. पाच डझनांचे साडेतीन हजार मोजले, वर त्यालाच विचारलं, यंदा पाऊस कसा म्हणतोय. वरचे डझनभर आंबे केशरी निघाले. खालचे बाहेरून पिवळेधमक, आतून फिकट, आणि चव अशी की पपईनं बरं म्हणावं. त्या माणसाचे मालवणीचे तेवढेच पाच-सहा शब्द पाठ असावेत असं आता वाटतं. ससाण्याला चामड्याची लागते, मला भाषेची पुरली.

"मामा, त्यानं तुला मामा बनवलं!" भाची म्हणाली. ही सोय इंग्रजीत कुठली! सख्ख्या मामाला हे म्हणायची संधी ती सोडेल कशाला!

मग तिनं माझ्याकडून वाक्य म्हणवून घेतलं. मी सुरुवात केली 'आय' म्हणून आणि अडलो, कारण मनात होतं 'मी फसलो', आणि त्याला नेमकं इंग्रजी मिळेना. आपल्याकडे केक फसतो, बेत फसतो, चिखलात चाक फसतं, तसाच मीही फसतो. कुणी फसवलं हा प्रश्नच त्या वाक्यात नाही. टेम्पोवाला केव्हाच पसार. इंग्रजीत मात्र 'वॉज हुडविंक्ड' म्हणावं लागतं, म्हणजे कुणीतरी माझ्यावर काहीतरी केलं. 'फसवला गेलो' असं मराठीतही लिहिता येतं, पण मी ते कुणाच्या तोंडी कधी ऐकलेलं नाही. फोनवरच्या भामट्यांनी ज्यांची पुंजी नेली ती माणसंही 'मी फसलो' एवढंच म्हणतात, तेही खालच्या आवाजात, जणू केक त्यांनीच बिघडवला. कायद्याला बरं असतं, तो सरळ फसवणाऱ्याला धरतो. जुलै 2024 पासून चारशेवीस कलमाच्या जागी तीनशे अठरा आलं, पण 'अट्टल तीनशे अठरा' असं काही जिभेवर बसत नाही.

आई इतका वेळ आंबे चाचपत होती. मी तिला म्हटलं, "आई, मी फसलो नाही. मला हुडविंक करण्यात आलं. म्हणजे डोळ्यांवर टोपी ओढून..."

"म्हणजे फसलंस मां?" आई म्हणाली, आणि फिकट आंब्यांचं पातेलं माझ्यापुढे सरकवलं. "रस काढ. साखर घालूक व्हयी."

हापूसच्या रसात साखर. आजोळी हे कुणाला सांगू नका.