भेंडीचा तोडा आणि गवती चहाचं तेल : माझा अनुभव

भेंडी दिवसाआड तोडावी लागते. तोडा लांबला की ती जून होते आणि बाजारात कोणी हात लावत नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर मात्र फवारणीनंतर इतके दिवस तोडणी करू नका असं छापलेलं असतं. तोडा चालू असताना ते दिवस आणायचे कुठून? मुरबाडजवळच्या आमच्या शेतात भात निघाल्यावर भेंडी लागते आणि ती आम्ही ठाण्यातल्या काही सोसायट्यांत थेट पोचवतो. तिथल्या काकू पिशवी उघडायच्या आधी विचारतात, "दादा, औषध मारलंय का?" त्यांना खरं आणि समाधानाचं उत्तर देता यावं, म्हणून मी सुगंधी तेलांकडे वळलो.

गावात फवारणीचं तेल म्हटलं की पहिलं निंबोळी तेल आठवतं, पण ते वेगळं. ते बिया दाबून काढतात, ते उडून जात नाही आणि त्यातलं अझाडिरॅक्टिन किडीचं कात टाकणं बिघडवतं. गवती चहा, लवंग, पुदिना, निलगिरी यांची तेलं वाफेवर काढतात आणि ती हवेत उडतात. किडीच्या अंगावर पडून ती काम करतात, तिच्या श्वासरंध्रांतून आत जातात, शिवाय वासाने तिला दूर ठेवतात. लवंगेतलं युजेनॉल किडीच्या मज्जासंस्थेत संदेश नेणाऱ्या ऑक्टोपामीन या रसायनाच्या कामात ढवळाढवळ करतं असं संशोधनात दिसलंय; माणसाच्या शरीरात ऑक्टोपामीनला फारसं काम नाही. तरी निव्वळ तेल कातडीला आणि डोळ्यांना झोंबतं. हातमोजे आणि चष्मा हवाच.

मी गवती चहाचं तेल निवडलं. ते खरं मिळवणं सगळ्यात अवघड गेलं. शंभर किलो ओल्या पातीतून साधारण अर्धा किलो तेल निघतं, त्यामुळे अगदी स्वस्त बाटली दिसली की मला शंका येते. दुकानात वासापुरती बनवलेली तेलंही त्याच नावाने ठेवलेली असतात. मी तपासणीचा कागद मागायला लागलो. त्यात सिट्रल, म्हणजे गवती चहाच्या वासाचा मुख्य घटक, ७० टक्क्यांच्या पुढे असेल तरच घ्यायचं. घरी टीपकागदावर थेंब टाकून ठेवतो. दुसऱ्या दिवशी तुपकट डाग उरला तर त्यात साधं तेल मिसळलंय.

तेल पाण्यात विरघळत नाही, तरंगतं. नुसतं पंपात ओतलं तर एका झाडावर पाणी पडेल आणि दुसऱ्यावर निव्वळ तेल. म्हणून काचेच्या भांड्यात तेल आणि पॉलिसॉर्बेट ८० (तेल पाण्यात मिसळायला मदत करणारा पदार्थ) आधी एकत्र घोटायचं, मग थोडं थोडं पाणी घालत ढवळायचं. मिश्रण दुधासारखं पांढरं झालं आणि वर तवंग नाही, म्हणजे जमलं. ते ताबडतोब वापरायचं, फवारतानाही पंप हलवत राहायचं.

प्रमाण ठरवायला बांधाकडच्या मोजक्या झाडांवर वेगवेगळं मारून पाहिलं. लिटरला १० मिलीवर कोवळ्या पानांच्या कडा करपल्या, ५ मिलीवर पानं ठीक राहिली. तेच धरलं. फवारणी सूर्य कलल्यावरच करतो. उन्हात तेल भराभर उडतं, शिवाय भेंडीचं फूल सकाळी उमलून दुपारनंतर मिटतं, त्यामुळे संध्याकाळी मधमाश्या फुलांवर नसतात. हे औषध किडीवर चालतं तसं मधमाशीवर आणि मावा खाणाऱ्या ढालकिड्यावरही चालू शकतं, याकडे लोक फार दुर्लक्ष करतात.

पानांच्या खालच्या बाजूला फवारा बसला तिथे मावा आणि तुडतुडे स्पष्ट कमी झाले. पांढरी माशी हटली, पण काही दिवसांत परत आली. वास उडाला की राखण संपली. रासायनिक औषधाच्या हिशेबाने हा दोषच. पण ज्या पिकाची काढणी दिवसाआड आहे, तिथे मला नेमकं हेच हवं होतं. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीवर मात्र उपयोग नाही, कारण ती आत बसलेली असते. तिच्यासाठी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारे) लावतो आणि किडकी फळं वेचून नष्ट करतो. हळद्या, म्हणजे पानं पिवळी पडण्याचा रोग, झालेलं झाडही उपटतोच. तो विषाणूचा रोग आहे, त्यावर कुठलंच तेल चालत नाही.

तेल महाग, म्हणून सगळ्या शेतावर सरसकट मारत नाही. पिवळ्या चिकट सापळ्यांवर माश्या वाढल्या की त्या पट्ट्यातच फवारतो.

शेजारचे काका परवा म्हणाले, "अरे, मलाही एक बाटली भरून दे, पैसे देतो." मी म्हटलं, "काका, विकत नाही देता येणार." कीटकनाशक म्हणून काही विकायचं तर १९६८च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. "तुम्ही तेल आणा आणि संध्याकाळी शेतावर या, समोर करून दाखवतो." त्यांची वांगी आहेत. पान वेगळं, त्यामुळे प्रमाण पुन्हा कडेच्या झाडांवर तपासूनच पुढे जायचं ठरलंय.