रात्री ऐकायचा पतंग

"हा बघायचा नाही, रात्री ऐकायचा," मलेशियातल्या पासिर गुदांगच्या पतंग म्युझियममधले काका म्हणाले.

समोर माणसाहून उंच वाव बुलान, म्हणजे तिथला पारंपरिक 'चंद्र-पतंग'. चकचकीत कागद सुरीने कोरून थरावर थर चिकटवलेला, नक्षीतली वेल कुठेच तुटलेली नाही. काकांनी बोट ठेवलं ते मात्र डोक्यावरच्या धनुष्यावर. त्याला ताणून बसवलेली पानाची पट्टी वाऱ्याने घुमते. भातकापणीनंतर शेतकरी हा पतंग रात्रभर उडता ठेवायचे आणि त्या आवाजात झोपी जायचे.

बाकीच्या देशांचे पतंगही पाहिले, पण मन त्या धनुष्यापाशीच.

आपली संक्रांत म्हणजे काटाकाटी. नायलॉन मांजावर बंदी असूनही दरवर्षी पाखरांचे पंख कापले जातात, माणसांचे गळे चिरतात. फार वाईट वाटतं.

आपल्याकडे नुसत्या आवाजासाठी कुणी पतंग उडवायचं का हो?