स्कॉलरवरून रेफरन्स घेतले आणि एका बाईंचं आडनावच हरवलं

गेले दोन महिने या विषयावर लिहायचं म्हणतेय, पण थिसिसची धावपळ, त्यात कॉलेजच्या परीक्षा, पेपर तपासणी, त्यामुळे राहूनच जात होतं. आज रविवार आहे, गंगापूर रोडला सकाळपासून पावसाची रिपरिप चालू आहे, घरचे सगळे जेवून झोपलेत, म्हटलं आता लिहूनच टाकू.

माझा पीएचडीचा विषय कांदा. निफाड आणि येवला तालुक्यातले छोटे शेतकरी लासलगावच्या मार्केटला माल कधी काढतात, कांदाचाळीत माल किती दिवस ठेवतात, भाव पडला की काय करतात, असं सगळं. त्यामुळे माझ्याकडे रेफरन्सची नुसती खिचडी आहे, इंग्रजी जर्नलचे पेपर आहेत, सरकारी रिपोर्ट आहेत, जुनी मराठी पुस्तकं आहेत आणि शोधगंगेवरचे, म्हणजे भारतातल्या विद्यापीठांचे थिसिस ठेवतात त्या साइटवरचे, थिसिस पण आहेत. पहिल्या दोन चॅप्टरचे रेफरन्स मी हाताने टाइप केले होते. एकेक कॉमा, एकेक ब्रॅकेट. मग स्टाफरूममधला एक ज्युनियर सहकारी म्हणाला, "मॅडम, अजून हाताने करताय? झोटेरो टाका ना," आणि पंधरा मिनिटांत त्याने माझ्या लॅपटॉपवर टाकून पण दिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, झोटेरो म्हणजे रेफरन्स जमवून ठेवणारं आणि वर्डमध्ये त्यांची यादी आपोआप बनवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन युनिव्हर्सिटीच्या एका सेंटरने २००६ साली सुरू केलं. मेंडले आहे, एंडनोट आहे, तेही चांगले आहेत, पण एंडनोटला पैसे लागतात आणि मेंडले मी फारसं वापरलं नाही म्हणून मी झोटेरोबद्दलच बोलते. ब्राउझरमध्ये त्याचा कनेक्टर, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम, टाकायचा, मग गुगल स्कॉलरवर, म्हणजे गुगलच्या पेपर शोधायच्या साइटवर, काही शोधलं की वर कोपऱ्यात छोटं फोल्डरचं चित्र दिसतं, त्यावर क्लिक केलं की पानावरच्या सगळ्या पेपरची यादी येते, टिक करा, ओके करा, झालं. मला पहिल्या दिवशी इतका आनंद झाला की रात्री दीड वाजेपर्यंत बसून मी दीडशेच्या वर पेपर ओढले. मध्येच स्कॉलरने "तुम्ही रोबोट नाही ना" म्हणून ट्रॅफिक लाइटची चित्रं ओळखायला लावली, कारण एकदम खूप ओढायला लागलं की त्यांच्याकडून अडवतात, पण तेव्हा ते कुणाच्या डोक्यात यायला.

चॅप्टर माझ्या गाईड सरांकडे गेला. सर अजून कागदावरच वाचतात, लाल पेन घेऊन. परत आला तेव्हा रेफरन्सच्या पानांवर चॅप्टरपेक्षा जास्त लाल होतं. पहिला गोल होता "महाराष्ट्र, जी. ऑफ" याला. म्हणजे गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र. सॉफ्टवेअरने ते माणसाचं नाव समजून शेवटचा शब्द आडनाव धरला आणि राहिलेल्याचं इनिशियल केलं. मजकुरात पण कंसात नुसतं महाराष्ट्र आणि साल. हे तरी कळण्यासारखं होतं. पण दुसऱ्या पानावर एका नावाखाली दोन रेघा मारलेल्या आणि बाजूला प्रश्नचिन्ह. मी विचारलं तर सर म्हणाले, "अगं, या बाई माझ्या चांगल्या ओळखीच्या आहेत. हे त्यांचं आडनाव नाही. हे त्यांच्या मिस्टरांचं नाव आहे."

मला खरंच वाईट वाटलं. कांद्याच्या साठवणुकीवर त्या बाईंचं काम मी माझ्या चॅप्टरमध्ये पाच ठिकाणी वापरलंय, त्यांच्या सर्व्हेवरून मी माझी प्रश्नावली बेतली, आणि पाचही ठिकाणी मी त्यांच्या नवऱ्याच्या नावाने त्यांना छापलं होतं.

घरी येऊन मी ती नोंद झोटेरोतून आरआयएस फाइलमध्ये, म्हणजे रेफरन्सच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, एक्स्पोर्ट केली आणि नोटपॅडमध्ये उघडली. ही एक गोष्ट प्रत्येकाने एकदा तरी करून बघावी, कारण त्यानंतर या सगळ्याची भीतीच जाते. आत काही जादू नाही, साध्या ओळी असतात. पहिली ओळ टीवाय, म्हणजे हा लेख आहे का पुस्तक का थिसिस. मग एयू म्हणजे लेखक, प्रत्येक लेखकाला वेगळी ओळ. टीआय टायटल, पीवाय साल, डीओ म्हणजे डीओआय, पेपरचा कायमचा ओळख नंबर, आणि शेवटी ईआर, नोंद संपली. एयूच्या ओळीत एक कॉमा असतो, कॉमाच्या अलीकडे आडनाव, पलीकडे नाव. बस. त्या बाईंच्या ओळीत नवऱ्याचं नाव कॉमाच्या अलीकडे होतं आणि त्यांचं आडनाव नि स्वतःचं नाव दोन्ही पलीकडे.

हे का होतं ते मग लक्षात आलं. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटपासून आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, लग्न झालं की नवऱ्याचं. आपण पेपर पाठवताना तसंच लिहितो, जर्नल तसंच छापतं, मध्ये कॉमा कुणीच देत नाही, आणि ती माहिती जिथे भरली जाते तिथे शेवटचा शब्द आडनाव धरला जातो. स्कॉलर ती तशीच उचलतं, झोटेरो स्कॉलरकडून तशीच घेतं. पुरुषांचं पण होतं, वडिलांचं नाव आडनाव होऊन बसतं. पण बाईच्या बाबतीत तिने केलेलं काम दुसऱ्याच माणसाच्या नावावर लागतं, आणि ज्याच्या नावावर लागतं तो कदाचित त्या विषयातला नसतोच.

मग मी ठरवलं की सगळ्या नोंदी एकेक करून पेपरच्या पहिल्या पानाशी ताडून बघायच्या. तीन आठवडे लागले, रोज रात्री जेवणानंतर तासभर. यात जे शिकले ते लिहिते.

स्कॉलर हे शोधायला उत्तम आहे, पण रेफरन्स तिथून घेऊ नका. तिथून पेपर सापडला की त्याच्या मूळ पानावर जा, म्हणजे जर्नलच्या वेबसाइटवर, आणि कनेक्टर तिथे दाबा. स्कॉलरच्या "साइट" (Cite) बटणाखाली जे बिबटेक्स, म्हणजे रेफरन्सची आणखी एका प्रकारची नोंद, मिळतं त्यात डीओआय नसतोच, लेखक जास्त असले की कधीकधी पुढचे गाळून "अँड अदर्स" येतं. मूळ पानावर कनेक्टरचं चित्र बघायची पण सवय लावा, लेखाच्या कागदासारखं चित्र असेल तर ठीक, पण साधं राखाडी वेबपेजचं चित्र असेल तर ते नुसतं वेबसाइट म्हणून सेव्ह होणार, जर्नलचं नाव नाही, व्हॉल्यूम नाही. अशा वेळी पेपरवर डीओआय असेल तर तो कॉपी करायचा आणि झोटेरोत वर जादूच्या छडीचं बटण आहे तिथे पेस्ट करायचा. पुस्तकाचा आयएसबीएन पण तिथेच चालतो, पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या साइटवरचा पीएमआयडी नंबर पण. माझी भाची फार्मसीला आहे, तिचं सगळं काम पबमेडवर, तिला मी हे दाखवलं तर म्हणाली, "मावशी, आम्हाला तर तिथेच साइट बटणावर एनबीआयबी फाइल मिळते, डबल क्लिक केलं की आत." तिचं खरंच सोपं आहे, मेडिकलवाल्यांच्या नोंदी बऱ्याच स्वच्छ असतात, आपलं अर्थशास्त्र आणि शेती म्हणजे छोटी छोटी जर्नल्स.

पण डीओआयवरून आलं म्हणजे बरोबर आलं असंही नाही, कारण डीओआयमागची माहिती प्रकाशकानेच भरलेली असते, त्याने चुकीचं भरलं तर चुकीचंच येणार. अंतिम निर्णय पेपरच्या पहिल्या पानाचा. तिथेही नाव उलटसुलट वाटलं तर त्याच लेखकाचा दुसरा पेपर किंवा कॉलेजच्या वेबसाइटवरची स्टाफची यादी बघायची.

संस्थेच्या नावाला झोटेरोत लेखकाच्या ओळीशेजारी एक छोटं बटण आहे, ते दाबलं की नाव-आडनावाचे दोन रकाने जाऊन एकच रकाना होतो. मग गव्हर्नमेंट ऑफ महाराष्ट्र अख्खं राहतं. बिबटेक्स वापरणाऱ्यांनी डबल महिरपी कंस घालायचे, तेच काम होतं.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. सुरुवातीला मी दुरुस्त्या वर्डमध्येच केल्या, शेवटच्या यादीत जाऊन हाताने, सगळी संध्याकाळ. मग एक नवीन सायटेशन टाकलं आणि यादी आपोआप नव्याने तयार झाली, माझ्या सगळ्या दुरुस्त्या पुसल्या जाऊन पुन्हा तीच चुकलेली नावं. दुरुस्ती नेहमी झोटेरोच्या आत करायची आणि वर्डमध्ये रिफ्रेश मारायचं. आणि एकच पेपर दोनदा आला असेल तर एक डिलीट करू नका, डुप्लिकेट आयटममध्ये जाऊन मर्ज करा, डिलीट केलेला जर वर्डमध्ये वापरलेला असेल तर त्याचा मागचा दुवा तुटतो.

शोधगंगेवर थिसिस चॅप्टर-चॅप्टरच्या वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात. त्यातला एखादा चॅप्टर उघडून तिथूनच सेव्ह करू नका, थिसिसच्या मुख्य पानावरून घ्या आणि नोंदीचा प्रकार थिसिस आहे ना, विद्यापीठ आलंय ना, ते बघा. सगळं टायटल कॅपिटलमध्ये आलं असेल तर टायटलवर राइट क्लिक करून सेंटेन्स केस करता येतं, फक्त नंतर नजर टाका, त्यात लासलगाव आणि निफाडची पहिली अक्षरंही छोटी होतात.

मराठी पुस्तकांचं मात्र हातानेच. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, आपल्या सावानात, १८४० पासूनची संस्था ती, तिथे मला जी जुनी पुस्तकं मिळाली त्यांना आयएसबीएन असायचा प्रश्नच नव्हता. मुखपृष्ठाच्या आतल्या पानाचा फोटो काढून आणायचा आणि घरी येऊन भरायचं. मला ते काम आवडतं, खरं सांगते. आणि जुनं इंग्रजी शोधताना नाशिकचं स्पेलिंग एच न लावता पण टाकून बघा, १८८३ चं गॅझेटियर त्याच स्पेलिंगने आहे, नाहीतर कितीतरी गोष्टी दिसतच नाहीत.

तीन आठवड्यांनी हिशेब केला तेव्हा नाव उलटं झालेल्या एकतीस नोंदी निघाल्या, त्यातल्या बारा बायकांच्या. सगळ्या नीट केल्या.

मग एक दिवस सहज मी स्कॉलरवर माझा स्वतःचा पहिला पेपर शोधला, २०१७ चा. माझ्या आडनावाने शोधलं तर नाही सापडला. टायटल टाकलं तेव्हा आला, लेखिकेच्या जागी माझ्या नावाची दोन इनिशियल आणि पुढे ह्यांचं नाव. पाठवताना मीच मार्कशीटसारखं नाव लिहिलं होतं. ह्यांना दाखवलं तर ते गप्पच झाले, मग म्हणाले, "हे बदलता येत नाही का गं?" मी त्या जर्नलला मेल केलाय, सोबत पहिल्या पानाचा स्क्रीनशॉट जोडून, कारण मूळ ठिकाणी बदललं तरच पुढे बदलेल. ऑर्किड आयडी पण काढला, संशोधकाचा स्वतःचा सोळा आकडी ओळख नंबर असतो, फुकट आहे, नाव कसंही छापलं गेलं तरी तो नंबर आपलाच राहतो. मेलला अजून उत्तर नाही. उद्या सोमवारी परत एक करणार आहे, आणि त्या बाईंचा पत्ता सरांकडून घेऊन त्यांनाही कळवणार आहे की तुमचा पेपर कुठल्या नावाने लागतोय, कदाचित त्यांना माहीतच नसेल.