नुसतं खाजतंय, तर रोज गोळी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या कुत्रीला, चिंगीला, अ‍ॅटोपी (धूळ, परागकण अशा गोष्टींची अ‍ॅलर्जी, जिने अंगाला खाज सुटते) आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, ती पंजे चाटून चाटून तांबूस करते तेही तुम्ही पाहिलंय. तरी गोळ्यांचं पाकीट दिसलं की भुवया वर जातातच. तेल चोळा, आंघोळ वाढवा, माणसांचा सौम्य शॅम्पू वापरा. (तो तर नकोच. आपली त्वचा आम्लधर्मी, कुत्र्यांची तेवढी नसते.)

बाकीचं सगळं तपासून झालंय हो. पिसवांची खाज बहुतेकदा शेपटीच्या मुळाशी असते. अंगातली काळी कणी ओल्या कापसावर ठेवली आणि लालसर डाग उमटला, तर ती पिसवांची विष्ठा. खरूज कानांच्या कडा आणि कोपरं धरते. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, बुरशीची तपासणी झाली, अन्नाची अ‍ॅलर्जी तर नाही ना हे बघायला आठ आठवडे ठरलेल्या अन्नाखेरीज तिच्या तोंडात काही जाऊ दिलं नाही. उरली अ‍ॅटोपी. ती आटोक्यात राहते, जात नाही.

मधे डॉक्टरांशी बोलूनच गोळी थांबवली होती, तिच्याशिवाय भागतंय का ते बघायला. बरेच दिवस भागलंही. मग एका सकाळी कानाखालचे केस चिकटलेले दिसले. वाटलं, पाणी पिताना भिजले असतील. दुपारपर्यंत वास यायला लागला. दवाखान्यात केस कापायला घेतले, तेव्हा वरून नाण्याएवढी वाटणारी जागा तळहाताएवढी निघाली; लालभडक, ओली, वर पिवळा चिकट थर. मशीन कडेला लागलं आणि कुणी कान ओढले तरी हूं की चूं न करणारी ही कुत्री गुरगुरली. मी तिचं डोकं धरून ठेवलं होतं. दुसऱ्यांदा मशीन लागलं तेव्हा तिने टेबलावरच लघवी केली. डॉक्टर म्हणाले, हॉट स्पॉट आहे, काही तासांत एवढा पसरतो. तो कुणी चावून झाला नव्हता. तिनेच स्वतःच्या मागच्या पायाच्या नखांनी एका रात्रीत केला होता, आणि मी शेजारच्या खोलीत झोपले होते.

तेव्हापासून गोळी परत सुरू आहे. ती स्टेरॉइड नाही, हे कितीदा सांगू? त्या गोळीतलं औषध, ओक्लासिटिनिब, खाजेचा निरोप मेंदूपर्यंत पोचवणारी साखळी अडवतं. पण निरुपद्रवीही नाही. प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो, संसर्ग व्हायची शक्यता वाढते, म्हणून ठरावीक काळाने रक्ततपासणी असते आणि आंघोळ घालताना मी तिचं अंग गाठींसाठी चाचपते. भीती मलाही वाटते. आणि खरं सांगायचं तर रात्री फरशीवर आपटणाऱ्या तिच्या पायाची ठकठक थांबली, याचं सुख तिला जास्त की मला, ते मला ठरवता येत नाही.

औषध जितकं कमी तितकं बरं, असं मीच पूर्वी इतरांना ऐकवायचे. ती बाई अजून माझ्याशी भांडते. म्हणते, त्या एका जखमेला घाबरून तू जन्मभराची गोळी पत्करलीस. मी म्हणते, टेबलापाशी तू नव्हतीस. ती म्हणते, म्हणूनच मला नीट विचार करता येतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

गेल्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, डोस थोडा कमी करून बघायचा का? मी अजून हो म्हटलेलं नाही.