आमची वाटचाल: पेढीवरच्या संगणकापासून स्वतःच्या क्लस्टरपर्यंत

इचलकरंजीतल्या सूत व्यापाऱ्यांसाठी आणि यंत्रमागधारकांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करायला लागलो, तेव्हा पेढीवर एक संगणक आणि त्यात आमचा प्रोग्राम, एवढाच कारभार होता. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मालक, मुनीम, कर सल्लागार या तिघांनाही तीच बिलं एकाच वेळी बघायची गरज पडू लागली. मग आम्ही सगळं भाड्याच्या सर्व्हरवर नेलं.

ग्राहक वाढले तसा प्रत्येकाचा प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या फाइलींसह बांधलेल्या स्वतंत्र पुडक्यात, ठेवू लागलो. असे कंटेनर सर्व्हरच्या गटावर (क्लस्टरवर) चालवणारं पूर्ण कुबरनेटीस सांभाळणं आमच्यासारख्या छोट्या फर्मला झेपणारं नव्हतं. रँचर लॅब्सने २०१९ मध्ये आणलेलं केथ्रीएस, म्हणजे कुबरनेटीसचीच हलकी आवृत्ती, मात्र आमच्या ऐपतीतलं निघालं: शंभर एमबीच्या आतली एकच फाइल, आणि एकाच सर्व्हरवर असेल तर क्लस्टरची माहिती साठवायला एटसीडी या डेटाबेसऐवजी साधं एसक्यूलाइट.

खरा कस लागला तो फायरवॉलमध्ये, म्हणजे नको ती रहदारी अडवणाऱ्या भिंतीत. केथ्रीएसच्या माहितीपत्रकात उबंटू या लिनक्सवर त्याची यूएफडब्ल्यू ही फायरवॉल बंदच ठेवावी असं सुचवलं आहे. मला ते पटलं नाही. आमच्याकडे लोकांची उधारी, येणं-देणं, सगळं असतं. त्या सर्व्हरला दार हवंच.

नुसती फायरवॉल चालू केली की नोड (क्लस्टरमधला सर्व्हर) ‘रेडी’ दिसतो, पण आतला प्रोग्राम डेटाबेसचं नाव शोधत बसतो आणि लॉगमध्ये टाइमआउटच्या ओळी साचतात. कारण पॉडची (ज्या गटात कंटेनर चालतात त्याची) रहदारी १०.४२.०.०/१६ या पट्ट्यातून येते आणि सर्व्हिसना, म्हणजे पॉडपुढच्या कायमच्या नावांना, १०.४३.०.०/१६ मधले पत्ते मिळतात. हे दोन्ही पट्टे मोकळे करावेच लागतात. क्लस्टरला हुकूम देण्याचा पोर्ट ६४४३ आम्ही फक्त ऑफिसच्या आयपीला आणि नोडना देतो, नोडशी बोलण्याचा १०२५० नोडपुरताच. यूडीपी ८४७२ बाहेर उघडा ठेवणं तर फारच धोक्याचं: त्यावरून नोडमधली पॉडची रहदारी नेणारी व्हीएक्सलॅन पद्धत समोरच्याची ओळख तपासत नाही, त्यामुळे तिथे पोचणारा थेट पॉडच्या नेटवर्कमध्ये शिरू शकतो.

एवढ्यानेही भागत नाही. ३०००० ते ३२७६७ मधल्या नोडपोर्टची (नोडवरून बाहेर उघडलेल्या पोर्टची) रहदारी आयपीटेबल्स, म्हणजे लिनक्समधली रहदारीच्या नियमांची यंत्रणा, आधीच पॉडकडे वळवतं, त्यामुळे यूएफडब्ल्यूने येणाऱ्या रहदारीवर घातलेली बंदी तिला लागतच नाही. यूएफडब्ल्यूच्या यादीत पोर्ट बंद, बाहेरून मात्र उघडा! म्हणून सर्व्हर देणाऱ्या कंपनीच्या पॅनलमधली फायरवॉल आम्ही नेहमी पुढे लावतो आणि त्यात सर्वांसाठी ८० आणि ४४३ एवढेच उघडतो. मग ऑफिसचं वायफाय सोडून मोबाइलच्या इंटरनेटवरून एनमॅप हा उघडे पोर्ट शोधणारा प्रोग्राम चालवतो. हे दोनच पोर्ट उघडे दिसल्याशिवाय ग्राहकाचा डेटा त्या सर्व्हरवर चढत नाही. माझ्या पोरांना हा नियम आता सांगावा लागत नाही, याचा मला अभिमान आहे.

सध्या दुसरा नोड वेगळ्या डेटा सेंटरमध्ये ठेवण्याचं काम चालू आहे. दोघांमधली रहदारी इंटरनेटवरून जाणार, म्हणून फ्लॅनेलला (केथ्रीएसमध्ये पॉडचं नेटवर्क जोडणाऱ्या भागाला) वायरगार्ड, म्हणजे रहदारी कुलूपबंद करून नेणारी पद्धत, लावतोय. तिथे ८४७२ ऐवजी यूडीपी ५१८२० लागेल, तोही एकमेकांच्या आयपीपुरताच.